कानबाईमागची भिंत

आमच्या बैठकीत भिंतीवर एक निळी गाय आहे. ब्लॉगच्या जुन्या वाचकांची तिच्याशी ओळख आहे, कारण मी साध्या थालीपिठाचा फोटो काढला तरी मागून ती डोकावतेच. निळी गाय, लालभडक केळीची बाग आणि वर पोपटी आभाळ. माझी बहीण दर वेळी म्हणते, अगं हे उतरव, डोळे दुखतात. मी म्हणते, मग डोळे मिट. हे चित्र काढणारे सुपडूनाना अर्धांगवायूने पडलेत, उजवा हात गेलाय, असं गणपती उठल्यावर मला एका गॅलरीवाल्याकडून कळलं. पुढच्याच आठवड्यात मी नाशिकच्या स्टँडवर धुळ्याच्या गाडीत बसलेली होते.

एक आधीच सांगून ठेवते. नानांच्या गावाचं नाव मी लिहिणार नाहीये. कमेंटमध्ये विचारू नका, भांडण होईल. कारण शेवटी येईलच.

ज्यांना नाना माहीत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. यावलच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी केळीवाल्यांच्या घरातला जन्म. आधीची भावंडं जगली नव्हती, म्हणून जन्मल्याबरोबर सुपात घालून ओढलं आणि नाव ठेवलं सुपडू. पोळ्याला गावभरच्या बैलांची शिंगं रंगवायला लोक यांनाच बोलवायचे, तिथून रंगाची सवय लागली ती लागलीच. पुढे जळगावात चित्रकलेचे शिक्षक झाले. निवृत्तीनंतर मुंबईत प्रदर्शनं भरली, परदेशातही चित्रं गेली. मोठमोठ्या लोकांनी 'भडक' म्हणून नाकं मुरडली आणि मग रांगा लावून विकतही घेतली. मी एका प्रदर्शनात त्यांना विचारलं होतं, एवढे झगझगीत रंग का? ते म्हणाले, "आमच्याकडे ऊनच असं आहे ताई, की फिका रंग लावला तर दिसतच नाही." मी गाय घेऊन घरी आले.

नाशिक ते धुळे रस्ता झकास आहे. बायकांना एसटीत अर्धं तिकीट, त्यामुळे खासगी गाडीच्या नादी लागूच नका. चांदवडपर्यंत खिडकीवरून शेजारणीशी वाद घातला, मालेगावला तिच्याच हातचे शेंगदाणे खाल्ले. धुळ्यात स्टँडजवळच्या लॉजवर उतरले. चादरी स्वच्छ, हॉर्नचा आवाज फुकट. दुपारी शेवभाजी खाल्ली. वरची तर्री बघूनच घाम फुटतो, पण मागे हटायचं नाही, भाकरी कुस्करून ताक जवळ घेऊन बसायचं. इथवर सहल नेहमीसारखी होती आणि मी मजेत होते, हे लिहून ठेवते.

संध्याकाळी पांझरेपलीकडे देवपूरला नानांच्या मुलीकडे, रेखाकडे गेले. सुमनकाकू, म्हणजे नानांच्या पत्नी, गेल्या वर्षी चैत्रात वारल्या. त्यानंतर थंडीत नानांना झटका आला आणि रेखा त्यांना जळगावहून इकडे घेऊन आली. दार तिच्या सासूबाईंनी उघडलं. "बठ माय," म्हणाल्या, "आते बरा शेतस नाना."

बरे नव्हते. खिडकीपाशी खुर्चीत बसवलं होतं आणि उजवा हात मांडीवर टॉवेलखाली झाकला होता. रेखानं मला हळूच सांगितलं की हात दिसला की ते बोलणं थांबवतात. खोलीच्या भिंती फिक्या साईच्या रंगाच्या. एकही चित्र नाही, कारण सगळी विकली गेली. ज्याची चित्रं लोकांच्या बंगल्यांत आहेत त्याच्यासमोर बँकेचं कॅलेंडर. मला रागच आला, पण कोणावर काढणार? रेखा बिचारी नोकरी, सासू आणि बाप सांभाळून वाळून गेली होती.

नाना सावकाश बोलत होते, एकेक शब्द धरून धरून. मी गायीचं सांगितलं तर जरा हसले. डाव्या हातानं करून बघता का, असं मी मूर्खासारखं विचारलं. रेखानं डोळे वटारले. नाना म्हणाले की बघितलं, शाळेतली पहिलीची पोरं बरी काढतात. मग रेखा चहा करायला आत गेली तशी त्यांनी मला डाव्या हातानं जवळ बोलावलं.

ते जे बोलले ते मी माझ्या शब्दांत सांगते, कारण फार थांबत थांबत बोलले. श्रावणात खानदेशात कानबाई बसते. नारळाला नथ घालून, नटवून, केळीच्या खांबांच्या मखरात बसवतात, रोट करतात, सगळे भाऊबंद मूळ घरी जमतात. त्याआधी अख्खं घर चुन्यानं पांढरं करतात. नाना दर वर्षी आठवडाभर आधी गावी जायचे. धाकट्या भावाची बायको कमल मधल्या खोलीची भिंत पांढरी करून ठेवायची आणि नाना त्यावर चित्र काढायचे. कानबाई त्या चित्रापुढे बसायची. वर्षभर चित्र राहायचं, पुढच्या श्रावणात चुन्याखाली जायचं, मग नवं. हयातभर हेच केलं. त्याचं प्रदर्शन नाही, विक्री नाही.

गेल्या श्रावणात त्या भिंतीवर त्यांनी सुमनकाकूंना काढलं होतं.

"आयुष्यभर म्हणायची, गावातले सगळे बैल रंगवले, मला नाही रंगवलं," नाना म्हणाले. "ती गेल्यावर काढली. एकदाच. तोंड हळदीसारखं पिवळं केलं, केस निळे, हातात हिरवा चुडा. तशीच होती."

त्यांना त्या भिंतीचा फोटो हवा होता. यंदा ते गेले नाहीत, मग चुना कोण कशाला लावेल, म्हणजे सुमन भिंतीवर असणारच. मी म्हटलं, पुतण्याला सांगा की, मोबाइलवर क्षणात पाठवेल. त्यांनी मान हलवली. घरच्यांकडे फोटो मागितला तर त्यांना कळेल की नाना आता परत येत नाहीत. अजून ते वाट बघताहेत, म्हणाले. तेव्हा तुम्ही जा, चित्रकाराचं घर बघायला आले म्हणा आणि गुपचूप काढून आणा. मी शब्द दिला. एवढं सोपं काम मला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जळगाव. पारोळा, एरंडोल करत चौपदरी रस्त्यानं गाडी पळते, दोन्हीकडे कपाशी, कुठे कुठे पहिली बोंडं फुटलेली. जळगावात मुक्काम केला. नानांनी एका शाळेच्या कुंपणावर पूर्वी बैल रंगवले होते असं ऐकलं होतं, ते बघायला गेले. करड्या रंगाची भिंत आणि त्यावर 'येथे वाहने लावू नयेत'. पानवाल्याला विचारलं तर म्हणाला, होते ना बैल, भारी होते, मग रंग मारला. कोणी, कशाला, ते त्याला माहीत नव्हतं. रात्री भरीत खाल्लं. भरिताचा खरा मोसम थंडीत, हिरवी मोठी वांगी तेव्हाच, पण कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी बारमाही चांगली. नानांची निदान एक भिंत तरी शाबूत आहे, या विचारानं झोपले.

सकाळी भुसावळमार्गे यावल. तापीच्या पुलावर गाडी सावकाश जाते, खिडकी उजवीकडची धरा. यावलहून पुढे भरलेली रिक्षा, तीत माझ्यासकट किती माणसं होती ते मोजायच्या भानगडीत पडले नाही. दुतर्फा केळी. आणि केळीच्या घडांना निळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या घातलेल्या, बागच्या बाग निळी लोंबतेय. मी इतकी वर्षं समजत होते की गाय निळी ही नानांची कल्पना. पिशव्यांमधून गाळून येणाऱ्या उजेडात एक पांढरी गाय बांधावर उभी होती आणि चांगली निळी दिसत होती. मी रिक्षात एकटीच हसले.

घर अर्धं मातीच्या धाब्याचं, अर्धं स्लॅबचं, दारात ट्रॅक्टर. कमलताईंना गाव अक्का म्हणतं, मीही अक्काच म्हटलं. नानांच्या चित्रांची चाहती आहे, घर बघायचंय, म्हटल्यावर त्यांनी पाणी दिलं, बसायला खुर्ची दिली, आणि मी त्यांना न जुमानता मधल्या खोलीत घुसले.

भिंत पांढरी होती.

नुसती पांढरी नाही, चुन्यात नीळ घालून तीन हात दिलेली, गुळगुळीत, कुठे ओघळ नाही की डाग नाही. बाकीच्या भिंतींना खुंट्या, फोटो, घड्याळ, पोराचं शाळेचं दप्तर. या भिंतीला एक खिळासुद्धा नाही. मला वाटलं मी खोली चुकले. मी शेजारची खोली बघितली, स्वयंपाकघर बघितलं, परत आले. अक्का मागे उभ्या राहून माझ्याकडे बघत होत्या.

मी विचारलं, इथं गेल्या वर्षीचं चित्र होतं ना?

होतं ना, त्या म्हणाल्या, सुमनचं होतं. लई सुंदर होतं. पुसताना हात धजत नव्हता, म्हणाल्या, म्हणून तोंडाकडचा भाग शेवटी घेतला. मी विचारलं, खरवडलं तर खाली सापडेल का? त्यांनी समजावून सांगितलं की चुना द्यायच्या आधी जुना रंग घासून, धुऊन काढावा लागतो, नाहीतर पोपडे येतात. नानांनीच शिकवलं होतं तसं. खाली काहीही नाही.

मग मला राहवलं नाही. शब्द दिला होता तरी आवाज चढलाच माझा. म्हटलं, नाना आजारी होते, यंदा येणार नव्हते, तर पुसलं कशाला?

अक्का रागावल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "नही पुसलं असतं तं नाना येनारच नही असं झालं असतं ना वो. कानबाईसमोर असं कसं करता येईल?"

त्या सांगत राहिल्या. रोटासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घेतात, तशी नानांच्या नावाचीही घेतली. कानबाई यंदा कोऱ्या भिंतीपुढे बसली. भाऊबंदांनी विचारलं, तर अक्कांनी सांगितलं की नाना बरे होऊन आले की काढतीन. तेव्हापासून त्या भिंतीला कुणाला टेकू देत नाहीत. नातवानं क्रिकेटचा बॉल मारला म्हणून त्याला मार बसला होता.

आता बघा. तिकडे धुळ्यात नाना समजताहेत, मी आलो नाही म्हणून चित्र तसंच ठेवलं असेल. इकडे यांनी नाना येणार म्हणून पुसलं. दोघंही एकमेकांना जपत होते, आणि सुमनकाकू मधल्यामध्ये गेल्या. चूक कोणाची काढू? मी आयुष्यात फार लोकांशी भांडले आहे, इथं भांडायला माणूसच सापडेना.

फोटो तर असतील, असं मला वाटलं. हल्ली कानबाईचे व्हिडिओ कोण काढत नाही? मी काहीतरी कारण सांगून घरातले मोबाइल मागितले, अक्कांच्या सुनेनं शेजारच्या बायकांनाही बोलावलं. ओसरीवर बसून आम्ही गेल्या वर्षीचे सगळे फोटो चाळले. कानबाई दिसते, नथ दिसते, केळीचे खांब, जरीचा पडदा, लुकलुकणाऱ्या दिव्यांच्या माळा. चित्राच्या बरोबर तोंडावर मखराचं छत. प्रत्येक फोटोत. एका व्हिडिओत बायका फुगडी घालताहेत, मोबाइल धरणारी हलली आणि क्षणभर मखराच्या बाजूनं भिंतीचा कोपरा आला. त्यात एक पिवळाधमक कोपर आणि हिरवा चुडा. मग परत फुगडी. मी तो तुकडा माझ्या मोबाइलवर घेतला. निघायच्या आधी, का कोण जाणे, पांढऱ्या भिंतीचाही एक फोटो काढला.

अक्कांनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. भरीत, पुऱ्या, हिरव्या मिरचीचा ठेचा. नेहमी मी इथं चार ओळी चवीवर लिहिते. यावेळी चव आठवतच नाही. निघताना त्यांनी केळीची फणी हातात दिली आणि म्हणाल्या, "धुळ्याले जासान तं नानाले सांगजा, भिंत तयार ठेवेल हाये."

परतीच्या सगळ्या रस्त्यात मी खोटं रचत होते. भिंतीचं नाव काढायचंच नाही. कोपराचा व्हिडिओ दाखवायचा, म्हणायचं खोलीत धान्याची पोती रचली होती, म्हणून फोटो निघाला नाही, गेल्या वर्षीच्या व्हिडिओतला एवढाच कोपरा मिळाला, पुढच्या खेपेला नीट काढून आणते. एरंडोलपर्यंत मला ते चांगलं जमलंसुद्धा. पारोळ्याला वाटलं, पोतं म्हणताना माझा चेहरा पडेल. तरी ठरवलं, खोटंच बोलायचं.

नाना वाट बघत होते. रेखानं त्यांना स्वच्छ दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून बसवलं होतं. मी मोबाइल त्यांच्यासमोर धरला, व्हिडिओ लावला आणि कोपर आल्याबरोबर थांबवला. ते पुढे वाकले. बराच वेळ बघत राहिले. पोत्यांचं मी बोलून घेतलं, त्यांनी ऐकलं असेल असं वाटत नाही. रेखाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, "आई," एवढंच म्हणाली. मग नानांनी डावा हात उचलला आणि त्या हिरव्या चुड्यावर बोट ठेवलं, हळूच सरकवलं, जसं आपण माणसाच्या हातावरून हात फिरवतो.

स्क्रीन सरकली. पुढचा फोटो आला. पांढरी भिंत.

मी मोबाइल ओढून घेणार होते, पण त्यांनी तो डाव्या हातानं घट्ट धरला होता. ते काय बघताहेत हे त्यांना लगेच कळलं, कारण ती भिंत त्यांच्याइतकी कुणाला माहीत असणार? मीच शेवटी सगळं सांगितलं. मूठ गव्हाची, कोऱ्या भिंतीपुढे बसलेली कानबाई, नातवाला बसलेला मार, आणि अक्कांचा निरोप.

नानांनी तो फोटो जवळ नेऊन पाहिला, लांब धरून पाहिला. मास्तर वही तपासतात तसा.

"हात चांगला दिलाय कमलनं," ते म्हणाले. "कुठं ओघळ नाही."

मग त्यांनी मोबाइल मांडीवर ठेवला. त्या हालचालीत टॉवेल खाली पडला आणि उजवा हात उघडा झाला. त्यांनी तो झाकला नाही. बघत राहिले त्याच्याकडे.

"तुम्ही सुमनले पाहिलं होतं का कधी?" त्यांनी मला विचारलं. एरवी माझ्याशी शाळामास्तरी मराठीत बोलत होते, आता गावचं आलं तोंडात.

मी नाही म्हटलं.

"मग राहू द्या, आता दाखवता नही येनार," म्हणाले. "कमलले सांगजा, भिंत मोकळी नका ठेवू. टीव्ही लावा म्हना तिथं."

मी केळी टेबलावर ठेवली आणि निघाले. रेखा खालपर्यंत आली, तिनं मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं वाटलं असतं.

घरी येऊन आता पंधरवडा होत आला. तुम्ही खानदेशात जरूर जा. धुळ्याची शेवभाजी खा, थंडीत जाऊन भरीत खा, यावलच्या रस्त्यानं निळ्या बागा बघा. सुपडूनानांची चित्रं बघायला मात्र तिकडे जाऊ नका, तिकडे एकही नाही. माझ्याकडे एक आहे, ती गाय, आणि अलीकडे मी तिच्याकडे पाठ करून बसते.

अक्कांकडे माझा नंबर आहे. रोज सकाळी फुलांचं चित्र आणि शुभ सकाळ येतं. परवा खाली लिहिलं होतं, नाना काय म्हनले भिंतीचं? मी हात जोडल्याचं चिन्ह पाठवून मोबाइल उलटा ठेवला. गावाचं नाव लिहिलं नाही ते याचसाठी, हे कुणी त्यांना वाचून दाखवू नये म्हणून. त्यांचा निरोप मी नानांना पोचवला. नानांचा निरोप दोन शब्दांचा आहे, टीव्ही लावा. तो मला सांगता येत नाही.